लिनक्सवर स्क्रीन एकच, मग दोन प्रोग्राम भांडत कसे नाहीत?

तुमची अडचण मला कळली ती अशी: डेस्कटॉप चालू असताना तुमचा छोटा प्रोग्राम डीआरएममधून (डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, कर्नलमधला, ग्राफिक्स आणि स्क्रीन सांभाळणारा भाग) थेट स्क्रीनवर चित्र टाकायला जातो आणि 'परमिशन डिनाइड' येतं. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊनही तेच. मग ड्रायव्हर स्क्रीन वाटून देतो म्हणजे करतो तरी काय?

वाटून देतच नाही. शिमग्यात आमच्याकडे पालखी नाचवायला अख्खी वाडी असते, पण मानकरी ठरलेला. कर्नलमधल्या मानकऱ्याला 'डीआरएम मास्टर' म्हणतात. फक्त इथला मान पिढीजात नाही. दुसरा कुणी मास्टर नसताना जो आधी ग्राफिक्स कार्डाची 'कार्ड0' ही फाइल उघडेल तो आपोआप मास्टर. रिझोल्यूशन बदलणं, कुठला बफर (मेमरीतलं तयार चित्र) दाखवायचा ते ठरवणं, ही कामं त्याचीच. डेस्कटॉपवर तो मान कंपोझिटरकडे, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून एक चित्र करणाऱ्या प्रोग्रामकडे, गेलेला असतो, म्हणून तुमच्या रूटला कुणी विचारत नाही.

बाकीचे प्रोग्राम चित्र काढतात ते मेमरीत, आपापल्या बफरमध्ये. त्यासाठी 'रेंडर-डी128' अशी वेगळी फाइल असते, तिला मान लागत नाही. तयार बफर डीएमए-बफ म्हणून कंपोझिटरच्या हातात द्यायचा, म्हणजे नुसती मूठ (हँडल, त्या मेमरीकडे नेणारी खूण) द्यायची, पिक्सेल कॉपी करायचे नाहीत. 1920 × 1080 ची एक फ्रेम, पिक्सेलला 4 बाइट धरले तर जवळपास 83 लाख बाइट होते. सेकंदाला अशा 60 कोण उचलून ठेवणार? आणि जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) काढून झालेलं नसताना बफर पडद्यावर जाऊ नये म्हणून सोबत 'फेन्स' असतं. ते सुटेपर्यंत डिस्प्ले थांबतो.

काढणं आणि दाखवणं वेगळं, हे मला आंब्याच्या शेडमध्ये कळलं. मित्राच्या शेडमध्ये पेट्यांचा आकडा टीव्हीवर दाखवायला मी एक छोटा एआरएम बोर्ड बसवला होता. ऐन मे महिन्यात वीज गेली, आली, आणि टीव्ही काळा. एचडीएमआयची केबल तीनदा बदलली, पेट्या भरणाऱ्या बायका हसायला लागल्या. गंमत अशी की त्या बोर्डावर चित्र काढणारा जीपीयू एक आणि टीव्हीला जोडलेला डिस्प्ले कंट्रोलर दुसरा. ज्याचा ड्रायव्हर आधी लोड होईल तो 'कार्ड0'. त्या दिवशी क्रम उलटला, आणि माझा प्रोग्राम ज्याला एकही कनेक्टर (स्क्रीन जोडायची जागा) नाही अशा कार्डाला स्क्रीन मागत बसला. तेव्हापासून मी नंबर लिहून ठेवत नाही, प्रत्येक कार्डाला आधी कनेक्टर विचारतो. तुम्हीही तेच करा.

वेळेचंही भान ठेवा. बफर बदलायचा तो व्हीब्लँकला, म्हणजे एक फ्रेम संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या फटीत. 60 हर्ट्झला ती दर 16.7 मिलिसेकंदांनी येते. आधीची अदलाबदल पुरी व्हायच्या आत दुसरी मागितलीत तर 'बिझी' असं उत्तर मिळतं. ती चूक नव्हे, थांबा एवढंच म्हणणं आहे. डीआरएमच्या ॲटॉमिक पद्धतीत सगळे बदल एकत्र जातात, होतील तर सगळे, नाहीतर एकही नाही. आधी 'टेस्ट ओन्ली' लावून चालेल का ते विचारताही येतं, स्क्रीनला हात न लावता.

आता तुमच्यापुरतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करा आणि प्रोग्राम तिथून चालवा. डेस्कटॉप मागे जाताना मान सोडतो, म्हणून तिथे तो तुमच्या प्रोग्रामला मिळतो. डेस्कटॉप आणि तुमचं चित्र दोन्ही एकाच वेळी हवं असेल, तर दुसरा मॉनिटर जोडून डीआरएम लीज बघा. लिनक्स कर्नल 4.15 पासून मास्टर एखादा कनेक्टर दुसऱ्या प्रोग्रामला भाड्याने देऊ शकतो, व्हीआर हेडसेटसाठी आलेली सोय आहे ती. पण तुमच्या कंपोझिटरने ती द्यायला हवी, आणि तो कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही.