वाचकांचे प्रश्न : सेटरचा दुहेरी स्पर्श

प्रश्न : अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन व्हॉलीबॉलचे सामने मी आवडीने पाहते. सेटरच्या, म्हणजे सहकाऱ्याला फटका मारता यावा म्हणून चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूच्या, हातांतून चेंडू गरगरत, वेडावाकडा निघाला, तरी पंच शिटी वाजवत नाहीत. हा त्यांचा हलगर्जीपणा म्हणायचा का?

उत्तर : नाही. तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने 2024च्या हंगामापासून नियमच बदलला आहे. संघाच्या तीन स्पर्शांपैकी दुसऱ्या स्पर्शात, एकाच प्रयत्नात चेंडू खेळाडूला एकाहून अधिक वेळा लागला, तरी तो आपल्याच सहकारी खेळाडूकडे जात असेल तर दोष धरला जात नाही. मात्र तोच चेंडू जाळीपलीकडे गेला तर दोष कायम राहतो. चेंडू हातात धरून ठेवल्यासारखा उचलणे हा दोषही पूर्वीसारखाच आहे.

पूर्वी दोन्ही हातांची बोटे क्षणभर मागेपुढे लागली की नाही, हे उंच स्टँडवर उभ्या असलेल्या पहिल्या पंचाला डोळ्यांनीच ठरवावे लागे आणि पुष्कळदा नुसत्या फिरकीवरून अंदाज बांधला जाई, वास्तविक फिरकी हा स्वतःहून दोष कधीच नव्हता. त्यामुळे एका पंचाने सोडून दिलेला स्पर्श दुसरा पंच दोष ठरवत असे, आणि याचा जाच सेटरलाच होई. म्हणून हा बदल मला मनापासून योग्य वाटतो, जरी सफाईदार हातांचे मोल त्यामुळे थोडे उतरले, ही जुन्या खेळाडूंची खंत मला समजते.

पंचांशी हुज्जत घालण्याला मात्र सवलत नाही: पिवळे कार्ड ही ताकीद असते, तर लाल कार्डाने प्रतिस्पर्ध्यांना गुण मिळतो.