ॲबर्डीनजवळ साठीच्या पुढच्यांना झेपेल अशी टेकडी कोणती? एवढ्याशा उंचीला बूट-काठी खरंच लागते का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही साठीच्या पुढचे आहात, सह्याद्रीतले बरेच गड झालेत, मुलाकडे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला येताय आणि शेतीवाडीच्या एखाद्या छोट्या गावावरची टेकडी करायची आहे. टेकडी लगेच सांगते: इन्श गावाची डनिडीर. बुटांचं मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण त्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं दोन वर्षं धड बोलणं नाही.

इन्श हे ॲबर्डीन-इन्व्हर्नेस रेल्वेमार्गावरचं स्टेशन. या सगळ्या पट्ट्याला 'गीरी' म्हणतात, स्पेलिंग (Garioch) बघून हा उच्चार कोणालाही सुचणार नाही. बार्लीची शेतं, गुरं, मेंढ्या, एवढंच. गावाच्या पश्चिमेला शेतांच्या मधोमध एक गोल टेकडी एकटीच उभी आहे आणि माथ्यावर पडक्या बुरुजाची भिंत. भिंतीत मोठं भगदाड, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. उंची 268 मीटर. पायथ्यापासून सावकाश चढलात तरी अर्ध्या तासात वर.

बाबांना मी तिथे नेलं तेव्हा ते 68 वर्षांचे होते. कोल्हापूरचा माणूस, शिरोलीच्या फाउंड्रीत उभी हयात गेलेली. दरवर्षी चालत जोतिबा, पन्हाळा-पावनखिंड दोनदा. चढताना तेच माझ्या पुढे होते. वरचा बुरूज 1260 च्या सुमाराचा, पण तो ज्या तटाच्या आत बांधलाय तो तट त्याहून कितीतरी जुना, आणि त्याचे दगड चक्क वितळून एकमेकांना चिकटलेत. लाकडाच्या चौकटी घालून रचलेली भिंत पेटली की असं होतं म्हणतात. मुद्दाम पेटवली की शत्रूने, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मी हे सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा गुडघ्यावर बसले. गवतातून डोकावणाऱ्या एका काळपट दगडाला बारीक बारीक भोकं होती, जाळीच्या पावासारखी. एका भोकात त्यांनी अंगठ्याचं नख घातलं, फिरवलं आणि म्हणाले, "हे तर स्लॅग आहे गं." स्लॅग म्हणजे भट्टीत धातू वितळवताना निघणारा मळ. मग भट्टीचं सुरू झालं. दगड असा पातळ व्हायला उष्णता किती लागते, ती नुसती चढवून भागत नाही, धरून ठेवावी लागते, वारा कुठल्या बाजूने लागला असेल. टेकडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी कुठली बाजू जास्त भाजली ते बघितलं. आग्नेयेला बेनाही डोंगराची रांग स्वच्छ दिसत होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रिटायर झाल्यापासून इतकं सलग बोललेले बाबा मी पाहिले नव्हते.

उतरताना पडले. उभ्या चढावर नाही, खाली फाटक दिसायला लागल्यावर, शेवटच्या सौम्य उतारावर. ऑक्टोबर होता, सकाळी पाऊस पडून गेलेला, मेंढ्यांनी खुरटं करून टाकलेलं गवत ओलं होतं. पाय सर्रकन पुढे गेला आणि ते उजव्या तळहातावर आले. मनगट मोडलं. शेजारच्या शेतातला शेतकरी क्वाड बाइकवरून आला, आधी फाटक नीट लावलं आणि मग बाबांना रस्त्यापर्यंत पोचवलं.

रात्री दादाचा पुण्याहून फोन. "या वयात त्यांना डोंगरावर नेलंसच कशाला?" आजही त्याचं तेच पालुपद आहे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: वयाने पाडलं नाही, डोंगरानेही नाही, पाडलं ते बुटांच्या तळव्यांनी. बाबांच्या पायात दादानेच विमानप्रवासासाठी घेऊन दिलेले मऊ, सपाट तळव्याचे बूट होते. दवाखान्यात मी ते उलटे करून पाहिले. टाचेखाली एकही खाच उरली नव्हती, सगळा हिरवा चिखल घोटून बसलेला. सह्याद्रीत आपला पाय खडकावर नाहीतर मातीत पडतो, तिथे असले बूट चालून जातात. ओल्या गवताच्या उतारावर चालत नाहीत, मग उंची 268 असो नाहीतर 1,000. माझी चूक एवढीच की निघण्याआधी मी ते बूट उलटे करून बघितले नाहीत. ती मी दादापाशी कबूल केली आहे. वयस्कर माणसाला घरात बसवून ठेवायचं, हे मात्र मी कबूल करणार नाही.

काठी एक असू द्या, उतरताना कामाची. उन्हाळ्यात आलात तर रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेतीनलाच सूर्य मावळतो, त्या हिशेबाने निघा. शेतातून जायला परवानगी लागत नाही, 2003 च्या कायद्याने इथे जबाबदारीने चालायचा हक्क दिलाय. फक्त फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, उभ्या पिकात शिरायचं नाही. वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या जवळून जाऊ नका, वळसा घाला. आणि हो, गुडघ्याचं दुखणं असेल तर डनिडीरचा उतार अंतर कमी असलं तरी तीव्र आहे, आधी डॉक्टरांना विचारा. प्रवासविमा घ्याच. अपघात विभागात पैसे घेत नाहीत, पण दाखल केलं की पुढचं बिल परदेशी पाहुण्याला येऊ शकतं.

बूट भारतातून आणू नका. मुलाला म्हणावं, पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गिर्यारोहणाच्या दुकानात घेऊन जा. बऱ्याच दुकानांत बूट घालून बघायला छोटा उतार केलेला असतो. त्यावरून खाली चालून बघा, जाड मोजे घालून. उतरताना अंगठा पुढे आपटला तर तो बूट नको, अर्धा नंबर मोठा मागा.