पहिल्यांदाच टीम लीड झालात? आधी वाईट बातमीची वाट मोकळी करा

तुमचा प्रश्न असा: आठ जणांची टीम पहिल्यांदाच हाताखाली आलीय, चारित्र्य आणि टीमवर्क हा नेतृत्वाचा पाया असं सगळे सांगतात, पण रोजच्या कामात नेमकं करायचं काय?

माझ्या मते एकच गोष्ट धरून ठेवा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर पोचली पाहिजे. चारित्र्याचा आणि टीमवर्कचा, दोन्हींचा कस तिथेच लागतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्याने नीट ऐकू आले नाहीत, हे खरंच. पण उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कंपनीतल्या अतिशय ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे 'झालंय' म्हटलं आणि विषय तिथेच मिटला. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात ज्युनिअरने शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, हे मुद्दाम शिकवलं जाऊ लागलं.

तुमच्याकडे हे असं दिसेल: कोणी येऊन म्हणेल, "क्लायंटला चुकीची फाइल गेली." तुमचे पुढचे दोन-तीन शब्द सगळी टीम लक्षात ठेवते. "कोणी पाठवली?" हा प्रश्न आधी आला, की पुढची चूक तुम्हाला आठवड्याने कळेल, तीही बाहेरून. आधी विचारा: कधी लक्षात आलं, आत्ता काय थांबवायचं, तुला कोणाची मदत हवी? कोणाचं काय चुकलं ते नंतर, एकट्यात. मात्र नंतर बोलायचंच. सगळं पोटात घालणारा लीड नीट काम करणाऱ्यांवर अन्याय करतो.

मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांगा. आधी प्रत्येकाला दोन मिनिटं कागदावर लिहू द्या, मग सगळ्यात नवख्यापासून सुरुवात करा. तुम्ही आधी बोललात तर बाकीचे फक्त माना डोलावतात, आणि तुम्हाला वाटतं एकमत झालं.

काम वाटताना एका कामाला एकच नाव आणि एक तारीख. "आपण बघून घेऊ" म्हणजे कोणीच बघणार नाही. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं (१९१३ चा निबंध): माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी पडतो. शिवाय आठ जणांत २८ जोड्या होतात, बारा जणांत ६६. माणसं दीडपट, पण संपर्काच्या वाटा दुपटीहून जास्त. टीम दहाच्या पुढे गेली की तिचे दोन गट करा.

मोठं काम संपलं की दोन दिवसांच्या आत वीस मिनिटं बसा. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढंच. स्वतःची चूक आधी तुम्ही सांगा, पण नेमकी: "मंगळवारी मंजुरी द्यायची होती, मी शुक्रवारी दिली." "माझंही थोडं चुकलं असेल" याला काही अर्थ नाही. बदल दोन-तीनच ठरवा. दहा ठरवले की एकही होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लाडक्या माणसामुळे. सर्वांत हुशार माणूस उशिरा येतो, इतरांना तोडून बोलतो आणि तुम्ही 'काम चांगलं आहे' म्हणून सोडून देता. त्या दिवसापासून तुमचे नियम फक्त बाकीच्यांसाठी उरतात. त्याला आधी एकट्यात, ताज्या उदाहरणासह सांगा आणि बदलाची तारीख ठरवा. तारीख उलटूनही फरक नसेल, तर कामाचा थोडा तोटा सोसून त्याला टीमबाहेर काढावं लागतं. इथेच बहुतेक लीड कच खातात.

हे जमतंय का ते तपासायला महिनाभर एक साधी नोंद ठेवा: किती अडचणी टीमने स्वतःहून सांगितल्या आणि किती तुम्हाला बाहेरून कळल्या. एकही अडचण कोणी आणली नसेल, तर खूश होऊ नका. टीममधल्या सगळ्यात शांत माणसाशी आधी बोला.