टॅटू काढण्याच्या पॅकेजसाठी कर्ज घ्यावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनगटाच्या वरच्या बाजूला ६ वर्षांपूर्वी करून घेतलेला टॅटू तुम्हाला लेसरने काढायचा आहे. त्यात काळ्या शाईत एक नाव असून भोवती हिरव्या-पिवळ्या पानांची वेल आहे, आणि एकूण आकार तळहाताएवढा आहे. एका लेसर केंद्राने ८ सिटिंगचे पॅकेज सुचवले आहे. सिटिंग सुटी घेतली तर एकीचा खर्च तुमच्या सव्वा महिन्याच्या बचतीइतका येतो, म्हणजे आठांसाठी १० महिन्यांची बचत लागेल. पॅकेज घेतल्यास २० टक्के सवलत मिळून तेच काम ८ महिन्यांच्या बचतीत होते. ही रक्कम आज हाताशी नसल्यामुळे १२ हप्त्यांचे वैयक्तिक कर्ज काढावे की ३ महिन्यांच्या खर्चाएवढा जपून ठेवलेला आपत्कालीन निधी मोडावा, असे तुम्ही विचारले आहे. पॅकेज एका वर्षाच्या आत वापरून संपवावे लागेल, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने मात्र संपूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

माझे उत्तर असे की कर्जही काढू नये आणि निधीही मोडू नये, पण टॅटू काढण्याचा विचार सोडण्याचेही कारण नाही. जे नाते संपले त्याचे नाव रोज हातावर वाचावे लागणे किती जड जाते, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे, आणि त्यासाठी स्वतःच्या कमाईतून खर्च करणे मला उधळपट्टी वाटत नाही. माझा आक्षेप खर्चाला नसून तो ज्या पद्धतीने करायला तुम्हाला सांगितले जात आहे तिला आहे. किती सिटिंग लागतील हे कोणालाही आधी नक्की सांगता येत नाही, अशा उपचाराचे सगळे पैसे आगाऊ आणि तेही उसने घेऊन देणे हा सौदा तुमच्या बाजूचा नाही.

ही अनिश्चितता कोठून येते हे समजल्याशिवाय पैशांचे गणित मांडता येणार नाही. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अतिशय अल्प काळ सोडला तर तो शोषणारा कणच तापतो आणि आजूबाजूची त्वचा बरीचशी वाचते, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले आणि आजचे टॅटूचे लेसर त्याच तत्त्वावर चालतात. सेकंदाच्या अब्जांश भागात, म्हणजे नॅनोसेकंदांत, मोजल्या जाणाऱ्या, आणि नव्या पिकोसेकंद यंत्रांत त्याहूनही छोट्या, स्पंदनांनी शाईचे कण फुटतात. परंतु लेसर शाई फक्त फोडतो. ती बाहेर नेण्याचे काम शरीरातील भक्षक पेशी आणि लसिकावाहिन्या पुढचे कित्येक आठवडे करत राहतात. शिवाय शाई धरून बसलेली पेशी मेली की तिच्यातून सुटलेले रंगाचे कण शेजारची नवी पेशी पुन्हा गिळते, असे २०१८ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसून आले. टॅटू वर्षानुवर्षे का टिकतो आणि एका सिटिंगमध्ये का जात नाही, हे त्यावरून लक्षात येते.

किती सिटिंग लागतील याचा अंदाज बांधण्यासाठी २००९ मध्ये कर्बी आणि देसाई यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती प्रसिद्ध झाली. त्वचेचा वर्ण, टॅटूची शरीरावरील जागा, रंग, शाईचे प्रमाण, आधीचा व्रण आणि एका टॅटूवर दुसरा केलेला आहे का, अशा सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज केली जाते. सल्ला घ्यायला जाल तेव्हा तुमचे गुण किती होतात हे जरूर विचारा, कारण त्यावरून ८ हा आकडा तुमच्या हाताकडे पाहून ठरला आहे की दरपत्रकाकडे पाहून, हे तुम्हाला कळेल. इटलीतील ३५२ व्यक्तींवरचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही येथे उपयोगी आहे. त्यात १० सिटिंगनंतर सुमारे ४७ टक्के आणि १५ सिटिंगनंतर सुमारे ७५ टक्के लोकांचे टॅटू यशस्वीपणे गेले. म्हणजे दहाव्या सिटिंगनंतरही निम्म्याहून अधिक लोकांचे काम बाकी होते. हा अभ्यास जुन्या पद्धतीच्या नॅनोसेकंद लेसरवरचा आहे, आणि नव्या यंत्रांनी काही रंगांच्या सिटिंग कमी होऊ शकतात, हे मान्य करूनही तुमच्या बाबतीत ८ हा आकडा आशावादी आहे असे मला वाटते. त्याच अभ्यासात ३० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा आकार, काळ्या-लालखेरीज इतर रंग, ३ वर्षांहून जुना टॅटू आणि धूम्रपान ही यश कमी करणारी कारणे म्हणून नोंदवली गेली आहेत, आणि तुमच्या पत्राप्रमाणे ही चारही तुम्हाला लागू पडतात.

आता पॅकेजच्या मुदतीकडे येतो. दोन सिटिंगमधले अंतर ८ आठवडे किंवा त्याहून कमी ठेवल्यास परिणाम घटतो, असेही त्या अभ्यासात आढळले होते, आणि अनेक त्वचारोगतज्ज्ञ त्वचेला पूर्ण सावरू देण्यासाठी अधिक काळ थांबण्याचा सल्ला देतात. १२ आठवड्यांचे अंतर धरले तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत पहिली, तेराव्या, पंचविसाव्या, सदतिसाव्या आणि एकोणपन्नासाव्या आठवड्यातील अशा ५ सिटिंगच होतात. उरलेल्या तीन मुदत संपल्यामुळे बुडतील. या ५ सिटिंग सुट्या घेतल्या असत्या तर सव्वासहा महिन्यांची बचत लागली असती. पॅकेजमध्ये तुम्ही त्यांच्यासाठी ८ महिन्यांची बचत मोजाल. अगदी ८ आठवड्यांच्या किमान अंतराने धावपळ केली तरी वर्षात सातच सिटिंग बसतात. पॅकेजची किंमत सुट्या दराने ६.४ सिटिंगएवढी होते, म्हणून सवलतीचा खरा लाभ सातव्या सिटिंगपासून पुढेच सुरू होतो, आणि तेही व्याज शून्य धरल्यास. थोडक्यात, सवलत वसूल करायची तर त्वचेला घाई करावी लागते आणि त्वचेला वेळ द्यायचा तर सवलत हातची जाते.

कर्जाने ही अडचण आणखी वाढते. हप्त्याचा मुद्दलाचा भागच तुमच्या मासिक बचतीच्या दोन तृतीयांश होईल आणि व्याज त्यावर वेगळे लागेल, म्हणजे वर्षभर तुमची नवी बचत एक तृतीयांशाहूनही कमी राहील. त्यातच तिसऱ्या सिटिंगनंतर त्वचेवर पांढरे चट्टे उमटू लागले आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले, तरी हप्ते मात्र सुरूच राहतील. आगाऊ पैसे दिलेला माणूस अशा वेळी थांबायला कचरतो, हे मी इतर प्रकारच्या आगाऊ खर्चांत अनेकदा पाहिले आहे. येथे तर प्रश्न शरीराचा आहे. उपचार मध्येच थांबवण्याचे स्वातंत्र्य तुमच्या हाती राहिले पाहिजे, आणि त्यासाठी सुट्या सिटिंगचा थोडा जास्त दर मोजावा लागला तरी तो योग्यच आहे.

चट्ट्यांचा उल्लेख मी घाबरवण्यासाठी केलेला नाही. तुम्ही तुमचा वर्ण सावळा असल्याचे लिहिले आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषते, त्यामुळे तेथे १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी तुलनेने सुरक्षित मानली जाते, आणि काळ्या शाईवर ती चांगली चालतेही. हिरव्या रंगासाठी मात्र ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटरचे लेसर लागतात. ते मेलॅनिनमध्ये अधिक शोषले जातात, म्हणून त्वचा फिकट पडण्याचा किंवा काळवंडण्याचा धोका वाढतो. पिवळा तर सर्वांत चिवट रंगांपैकी एक आहे. याचा अर्थ असा की तुमच्या टॅटूतले नाव आणि वेल हे खर्चाच्या व जोखमीच्या दृष्टीने दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पॅकेजने त्यांना एकाच किमतीत बांधले आहे. केंद्राकडे केवळ १०६४ नॅनोमीटरचे यंत्र असेल, तर आठही सिटिंग झाल्यावर नाव गेलेले आणि पाने तशीच राहिलेली, असेही घडू शकते. यंत्रात कोणकोणत्या तरंगलांबी आहेत हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक कुतूहलाचा नाही. तुम्ही नेमके काय विकत घेत आहात, ते त्यावरून ठरते.

पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी मागून घ्या. लेसर कोण चालवणार आणि त्वचारोगतज्ज्ञ प्रत्यक्ष उपस्थित असणार का, न वापरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतील का, वैद्यकीय कारणाने थांबावे लागल्यास काय होईल, भूल देणारे मलम आणि नंतरची तपासणी दरात धरली आहे का, आणि सुरुवातीला छोट्या भागावर चाचणी करतील का. पानांमध्ये पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई मिसळली असेल तर चाचणी टाळूच नका, कारण टायटॅनियम किंवा लोहाचे ऑक्साइड असलेली शाई लेसरने उलट काळी पडू शकते. गर्भारपण, कीलॉइडचा, म्हणजे जखमेचा व्रण जाड होऊन वाढत जाण्याचा, पूर्वेतिहास किंवा एखादे औषध सुरू असणे यांचाही वेळापत्रकावर परिणाम होतो. ते सर्व डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्याशिवाय पट्टी, मलम, उन्हापासून संरक्षण देणारे क्रीम आणि फोड आल्यास घ्यावी लागणारी रजा हा पॅकेजबाहेरचा खर्च असतो. आरोग्यविमा सौंदर्योपचाराचा खर्च सहसा देत नाही, म्हणून गुंतागुंत झाली तर तिचा भार तुमच्यावरच पडेल हे धरूनच चाला. आपत्कालीन निधीला हात लावू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. तीन महिन्यांचा निधी मुळातच बेताचा आहे.

खर्च वाचवण्यासाठी शाई काढणारी क्रीम, आम्ल किंवा घरी वापरायची लेसर पेन घेण्याचा मोह झाला, तर कृपया तो आवरा. शाई त्वचेच्या आतल्या थरात असते आणि वरून लावलेले द्रव्य तेथपर्यंत सुरक्षितपणे पोहोचत नाही. पोहोचले तर भाजते, आणि त्या व्रणाचा उपचार टॅटूपेक्षा महाग पडतो.

तुम्ही पत्रात संपूर्ण टॅटू जायला हवा असे गृहीत धरले आहे, पण तुमचे दुःख नावाशी निगडित आहे, वेलीशी नाही. नाव पुरेसे फिकट करून त्यावर दुसरे चित्र काढून घेणे हा सन्मानाचा पर्याय आहे, आणि त्यासाठी संपूर्ण काढण्यापेक्षा पुष्कळ कमी सिटिंग लागतात. नाव काळ्या शाईतले असल्यामुळे तोच भाग तुमच्या त्वचेवर सर्वांत कमी जोखमीने फिकट होऊ शकतो. हा पर्याय तुम्हाला रुचला तर खर्च निम्म्याहूनही खाली येण्याची शक्यता आहे, आणि कर्जाचा प्रश्नच उरत नाही. मात्र मनातून पटले तरच तो निवडा. नव्या चित्राखाली जुने नाव आहे ही जाणीव तुम्हाला टोचत राहणार असेल, तर पूर्ण काढण्याचा लांबचा मार्ग धरणेच बरे.

पहिल्या दोन महिन्यांची बचत बाजूला ठेवा आणि त्या काळात दोन वेगवेगळ्या त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्या. त्यानंतर सुटी सिटिंग घ्या आणि दर १२ आठवड्यांनी पुढची ठरवा. दोन सिटिंगमधल्या काळात तुमच्याकडे पावणेतीन महिन्यांची बचत जमते आणि त्यातली सव्वा महिन्याची उपचारावर जाते. उरलेल्यातून आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवत न्या. धूम्रपान सोडता आले तर उपचाराला मदत होईल आणि तेवढे पैसे दरमहा याच खात्यात येतील. प्रत्येक सिटिंगआधी एकाच जागी, एकाच प्रकाशात हाताचे छायाचित्र काढा, आणि चौथ्या सिटिंगनंतर ती छायाचित्रे डॉक्टरांसमोर ठेवून काळा रंग किती गेला, हिरव्यात काही फरक पडला का आणि त्वचेचा रंग बदलला का, हे विचारा. तोवर ५ महिन्यांची बचत खर्च झालेली असेल, डोक्यावर कर्ज नसेल, आणि पुढे किती सिटिंग लागतील हे तुमच्याच त्वचेच्या अनुभवावरून सांगता येईल. त्या वेळी केंद्राने उरलेल्या सिटिंगसाठी दोन वर्षांची मुदत आणि पैसे परत करण्याची अट लेखी देऊन सवलत देऊ केली, तर ती साठलेल्या बचतीतून जरूर घ्या.