वेलँडच्या क्लिपबोर्डवर रॅपर लिहिलाय, पण स्वतःच्याच खिडकीत पेस्ट केलं की अ‍ॅप का गोठतं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: वेलँडच्या (लिनक्सवर खिडक्या दाखवायची प्रणाली) क्लिपबोर्डभोवती सी++ मध्ये एक रॅपर, म्हणजे वापर सोपा करणारा क्लास लिहिलाय, त्यात मजकूर परत देणारं एक साधं फंक्शन आहे. दुसऱ्या अ‍ॅपमधून कॉपी केलं तर चालतं, स्वतःच्या खिडकीतून कॉपी करून तिथेच पेस्ट केलं की सगळं ठप्प. शिवाय ड्रॅग अँड ड्रॉपही याच क्लासमध्ये बसवायचंय.

पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं आणि दोन संध्याकाळी कम्पोझिटरला (खिडक्या पडद्यावर मांडणारा आणि निरोप पोचवणारा प्रोग्राम) शिव्या घालण्यात घालवल्या होत्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मजकूर त्याच्याकडे नसतोच. कॉपी करणारं अ‍ॅप फक्त कोणकोणते माइम टाइप (मजकूर, चित्र असे डेटाचे प्रकार) देऊ शकतो ते जाहीर करतं. पेस्ट करणारं अ‍ॅप पाइप (एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशी नळी) उघडतं, त्याचं लिहायचं टोक 'रिसीव्ह' विनंतीमधून पाठवतं. कम्पोझिटर ते 'सेंड' इव्हेंटबरोबर मूळ अ‍ॅपकडे पोचवतो आणि ते अ‍ॅप त्यात बाइट्स ओततं. तुमच्या बाबतीत मूळ अ‍ॅपही तुम्हीच. थ्रेड रीडवर अडकलाय, आणि ज्या इव्हेंटमुळे तो सुटेल तो कम्पोझिटरशी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये न वाचलेला पडून आहे.

म्हणून लगेच मजकूर परत देणारं फंक्शन काढूनच टाका. कॉलबॅक घ्या, पाइपचं वाचायचं टोक नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसेल तर थांबून न राहणारं) करून इव्हेंट लूपला जोडा. सध्याचा सोर्स (डेटा देणारी बाजू) आपलाच असेल तर पाइपच्या भानगडीत न पडता मेमरीतला डेटा थेट द्या. दोन बारीक गोष्टी राहतात. 'रिसीव्ह' पाठवल्यावर आपल्याकडचं लिहायचं टोक बंद करा, नाहीतर वाचन कधी संपतच नाही (वेलँडची लायब्ररी लिबवेलँड त्याची स्वतःची प्रत काढून ठेवतं, त्यामुळे लगेच बंद केलं तरी बिघडत नाही). आणि डिस्प्ले फ्लश करा. विनंती आपल्याच बफरमध्ये बसून राहिली तर समोरून काही येणार नाही.

देण्याच्या बाजूलाही ब्लॉकिंग राइट नको. लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा ६४ केबी असते. मोठं चित्र कॉपी केलं आणि समोरचा सावकाश वाचत असेल, तर तुमची खिडकी गोठणार. त्याने मध्येच पाइप बंद केला तर सिगपाइप येऊन अख्खा प्रोसेस मरतो, तेव्हा तो सिग्नल दुर्लक्षित करा. 'कॅन्सल्ड' इव्हेंट आला की सोर्स नष्ट करायचा, पण त्या क्षणी एखादं लिहिणं अर्धवट असू शकतं. त्यामुळे बाइट्स शेअर्ड पॉइंटरमध्ये (शेवटचा वापरणारा संपेपर्यंत डेटा जिवंत ठेवणारा पॉइंटर) ठेवा.

क्लिपबोर्डवर काही ठेवताना इनपुट इव्हेंटचा सिरीयल नंबर लागतो. तो रॅपरच्या पोटात लपवू नका, पॅरामीटर म्हणून मागा. टायमरमधून कॉपी करू पाहणाऱ्याला कंपायलरनेच अडवलेलं बरं.

आता ड्रॅग अँड ड्रॉप. सोर्स आणि ऑफर (घेणाऱ्याला दिसणारी त्याची बाजू) यांचे इंटरफेस तेच असले तरी मी क्लास वेगळे ठेवतो. क्लिपबोर्डच्या सोर्सवर ड्रॅगच्या कृती लावल्या तर प्रोटोकॉल एरर येते, म्हणजे कनेक्शनच तुटतं. 'कॅन्सल्ड'चा अर्थही दोन्हीकडे निराळा: क्लिपबोर्डमध्ये आपली जागा दुसऱ्या सोर्सने घेतली, ड्रॅगमध्ये ड्रॅग फसला.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे 'फिनिश'. डेटा पूर्ण मिळाला हे सोर्सला कळवणारा हा निरोप 'डेटा डिव्हाइस' इंटरफेसच्या आवृत्ती ३ मध्ये आला. ऑफरच्या डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारं फंक्शन) तो टाकावा असा मोह होतो. मला झाला होता. पण वाचताना मध्येच एक्सेप्शन आलं, तरी डिस्ट्रक्टर चालणार आणि समोरच्याला 'मिळालं' असा निरोप जाणार. कृती 'मूव्ह' असेल तर तो मूळ फाइल पुसून मोकळा होईल. डिस्ट्रक्टरमध्ये फक्त ऑफर नष्ट करा. 'फिनिश' न पाठवता ती नष्ट झाली की सोर्सला 'कॅन्सल्ड' मिळतो आणि फाइल जागच्या जागी राहते. सगळे बाइट्स हातात आल्यावरच 'फिनिश' स्वतंत्र बोलवा.

पाइपचा कोड मात्र या दोन्हींपासून अलग काढा. मधल्या बटणाने पेस्ट होणारं प्रायमरी सिलेक्शन हा निराळा प्रोटोकॉल आहे, पण बाइट्सची ने-आण तिथेही पाइपमधूनच होते. उद्या कोणीतरी ते मागणारच आहे.