नागपुरात डोस्क्याचं काय काय होतं

तुम्ही विचारलंय की पुण्याहून नोकरीसाठी नागपूरला आलात, ऑफिसात सगळे 'डोस्क्याचं दही नको करू' म्हणतात, तर याचा अर्थ काय आणि डोक्यावरून असं आणखी काय काय बोलतात.

अर्थ एवढाच की तुम्ही फार प्रश्न विचारता. पण अजून कोणी चिडलेलं नाही. चिडले की दही राहत नाही, सरळ 'डोस्कं सटकलं' होतं, आणि तिथे आपण गप बसायचं.

'डोक्याला शॉट', 'डोक्यावरून गेलं' हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. 'डोक्यात जातो' मात्र इकडे 'तो डोक्यात जाते' होऊन भेटेल. व्याकरण तपासू नका, आमच्याकडे तो जाते, तो येते, तो खातेच.

मला यात गंमत वाटते ती ही, की डोक्याचं जे काही होतं ते बहुतेक स्वयंपाकघरात होतं. डोकं खातात, ते तापतं, त्याचा भुगा होतो, डोक्यावर मिरे वाटतात. भेजा तर फ्रायच होतो. यातले दही आणि फ्राय हिंदीच्या बाजूचे. नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी इथे घरचीच. एका वाक्यात 'दिमाग' आणि पुढच्यात 'डोस्कं' म्हणताना कोणाची जीभ अडत नाही.

सगळ्यात चालणारा प्रयोग अर्थात खाण्याचा. 'डोकं खातो' यात काही दम नाही. 'डोस्कं खाऊन राहिला बे' म्हटलं की कळतं, काम चालू आहे आणि संपायची चिन्हं नाहीत. धरमपेठेत पोह्याच्या ठेल्यावर एक जण तर्री वाढवून मागत होता. मग चणे कमी आले म्हणाला, मग रस्सा पातळ आहे म्हणाला, मग पुन्हा तर्री. ठेलेवाल्याने झारा खाली न ठेवताच विचारलं, "भाऊ, पोहे घेतले ना तुम्ही? मंग डोस्कं काऊन खाता?" रांगेतले सगळे हसले. त्याला तर्री मात्र मिळाली.

'डोक्याची मंडई झाली' हे जरा जपून वापरा. तुमची मंडई भाजीची. भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, रात्रभर दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. तिकडचा सहकारी असेल तर विचारेल, नाटक कोणतं लागलं?

'टाळकं' वेगळंच. सटकतं तेही, पण माणसं मोजायलाही चालतं: 'मीटिंगला चारच टाळकी आली.' साहेबांसमोर मोजू नका, साहेबही त्यातच येतात.

'डोस्कं नको लावू' म्हणजे वाद घालू नको. 'डोस्कं लाव' म्हणजे विचार कर. एका 'नको'ने सगळं उलटतं, म्हणून वाक्य नीट ऐका. आणि मे महिन्यात, नवतप्याच्या म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोणी 'डोस्कं तापलं' म्हणालं तर आधी पाणी द्या. ते बहुतेक खरंच तापलेलं असतं.

'बे' फक्त बरोबरीच्यांना. वयाने मोठ्यांना कंटाळलात तर 'काका, डोकं दुखून राहिलं माझं' म्हणायचं. काका समजतात, आणि तरी बोलतच राहतात.