पोरगं संस्थेत जातंय, पण ऑर्डर कुठाय?

‘मुलगा एमएस्सी झालाय, पण नोकरी बघायचं नाव नाही. पर्यावरणाच्या कुठल्याशा संस्थेत जातो. त्याला जरा समजावून सांगा.’ सांगली-मिरजेकडच्या पालकांकडून हे वाक्य थोड्याफार फरकानं समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतं. मुलगी असेल तर त्याला लग्नाची शेपूट जोडलेली असते. ‘समजावून सांगा’ याचा अर्थ ‘तिथून बाहेर काढा’ असा असतो, हे मला कळतं आणि त्यांनाही कळतं. मुलांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना काम सोडायचं नसतं, पण ती दमलेली असतात आणि दमलोय हे कबूल करायलाही तयार नसतात. या प्रकरणात बाप आणि मुलगा दोघंही एकदमच आले होते, म्हणून ते सांगते. दोघांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. वडील सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा पंचविशीचा, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्र शिकलेला. वर्ष-सव्वा वर्ष नदीवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत जात होता. वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली.

‘मॅडम, ह्यो सकाळी सहाला जातोय, रात्री नऊला येतोय. काय करतोस म्हटलं तर म्हणतोय नदीचं काम. पगार किती म्हटलं तर म्हणतोय मानधन. मानधन म्हंजे किती म्हटलं, की गप.’

मुलगा गपच होता. वडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि त्याला विचारलं, सकाळी सहाला जाऊन नेमकं काय करतोस? ‘नदी वाचवतो’ असलं काही नको, हातानं काय करतोस ते सांग. मग मात्र तो खुलला. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथून आणि शहरातले नाले मिसळतात त्याच्या खालून तो पाण्याचे नमुने घेतो. काचेच्या बुचाची तीनशे मिलीची बाटली असते. ती पाण्यात बुडवूनच भरायची, आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी नमुना फुकट. तिथेच काठावर बसून त्यात दोन रसायनं घालायची. पाण्यात प्राणवायू चांगला असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरट. ‘नाल्याच्या खाली उन्हाळ्यात बाटली अशी पांढरी पडते ना मॅडम, की तोंडाची चव जाते.’ त्याची बोटं आयोडीननं पिवळी झाली होती. शिवाय ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवह्या (गावातल्या झाडाझुडपांच्या, पशुपक्ष्यांच्या नोंदी) भरायला मदत करायची, शाळांतून तास घ्यायचे, अनंत चतुर्दशीनंतर घाटावरचं निर्माल्य गोळा करायचं. रात्री घरी आल्यावर देणगीदारांसाठी अहवाल, फोटोंना ओळी, बिलांच्या फाईली.

मानधन आठ हजार, तेही कधी दोन-दोन महिने उशिरा. पेट्रोल स्वतःचं. नेमणुकीचं पत्र नाही. पत्र का मागितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, ‘आपण घरातली माणसं आहोत, असं सर म्हणतात. तिथं सगळेच त्यागानं काम करतात. मी पैशाचं काढलं तर कसं दिसेल?’

सगळे म्हणजे कोण? त्यानं बोटांवर मोजायला घेतलं. संस्थेचे संस्थापक सर निवृत्त प्राध्यापक, त्यांना पेन्शन. कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंचे यजमान बँकेत. तिसऱ्याची बागायत, द्राक्षाचा प्लॉट. तिसऱ्या बोटावर तो थांबला. त्यागानं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी दुसरा कुठलातरी आधार होता. याच्या पाठीशी होती ती बापाची निवृत्तीची शिल्लक, आणि ती खर्चताना बापाला कुणी विचारलं नव्हतं. मी काही बोलले नाही, त्याचं त्यालाच दिसलं.

पुढच्या भेटीला येताना एक काम करून आणायला सांगितलं. मागच्या महिन्याचं कॅलेंडर घ्यायचं, भिंतीवरचं असतं तसलंच, आणि रोजचं काम दोन शाईंत लिहायचं. कुणी छदाम दिला नाही तरी मी हे करीनच, असं काम हिरव्या शाईनं. नेमून दिलंय, तारखेला द्यायचंय, नाही दिलं तर फोन येतो, ते निळ्या. त्यानं आणलेल्या पानावर हिरवी शाई फक्त रविवारी होती: पक्ष्यांच्या नोंदी आणि घाटाची सफाई. बाकी महिना निळा. स्वयंसेवा म्हणून तो ज्याची लाज बाळगत होता, त्यातलं बहुतेक सरळसरळ काम होतं आणि जगात कुठंही त्याला पगार असतो.

इथे संस्थांची बाजूही सांगायला हवी, कारण या विषयावर बोलताना लोक एकतर संस्थांना देव करतात नाहीतर चोर. छोट्या संस्थेचा पैसा बहुधा प्रकल्पाचा असतो. कंपनी कायद्यानुसार वर्षाला 5 कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना (उलाढाल आणि मालमत्तेचेही निकष आहेत) मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि पर्यावरण त्या यादीत आहे. सरकारी योजनांचंही तसंच. अटल भूजल योजनेत सांगली-सातारा दोन्ही जिल्हे होते आणि तिथं गावपातळीवर काम करायला संस्थाच लागल्या. हा पैसा ठरलेल्या कामाला, ठरलेल्या मुदतीपुरता येतो. देणगीदाराला झाडं, बंधारे, फलक यांचे फोटो हवे असतात; ते काम करणाऱ्या माणसाच्या पगाराचा रकाना त्याला खुपतो. मग संस्था तो रकाना बारीक करते आणि उरलेलं अंतर ‘आपण घरातली माणसं’ या वाक्यानं भरून काढते. यात लबाडी असतेच असं नाही. पण भरपाई पोरांच्या खिशातून होते, हे खरं.

म्हणून मी अशा मुलांना संस्थेत जाऊन चार गोष्टी विचारायला लावते. मी ज्या प्रकल्पावर आहे त्याच्या अंदाजपत्रकात माझ्या कामाची तरतूद आहे का आणि किती? प्रकल्प कधी संपतो? मी नदीत उतरतो, रात्री-बेरात्री गाडीवर फिरतो, माझा अपघात विमा आहे का? नोंदणीकृत न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात, ते बघायला मिळतील का? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. आला तरी तो फार टिकत नाही.

पण या मुलाच्या बाबतीत पैशाखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती वडिलांनीच बोलता बोलता सांगितली. ‘पावसाळ्यात ह्यो झोपत न्हाई. मोबाईल धरून बसतोय.’ काय बघतोस, विचारलं. कोयना धरणातून विसर्ग किती सोडला आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं. आता हे सांगली जिल्ह्यात सगळेच बघतात, मीही बघते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा हा कॉलेजात होता. घरात माळ्यापर्यंत पाणी. दावणीची म्हैस यानं स्वतः दावं कापून सोडली, ती परत सापडली नाही. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हापासून पाऊस लागला की याला बसवत नाही. काहीतरी करत राहिलं की बरं वाटतं, रिकामा बसला की छातीत धडधडतं.

संस्थेतल्या कामाचं वेड आणि ही धडधड यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसली होती. सुट्टी घेतली तर अपराधी वाटायचं, जणू तो घरी झोपला म्हणूनच कोयनेचे दरवाजे उघडणार होते. पर्यावरणाचं काम करणाऱ्या तरुणांत हे मला बऱ्याचदा दिसतं आणि घरच्यांना ते ‘नाद’ वाटतं. भीतीपोटी केलेलं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. कित्येक चांगली कामं तशीच सुरू झाली असतील. पण भीती उतरवायला म्हणून माणूस काम वाढवत गेला तर भीती उतरत नाही आणि कामाचंही भजं होतं. त्याच्या अहवालांत आकडे चुकायला लागलेच होते. यावर आम्ही नोकरीच्या विषयाआधी काम केलं. रात्री दहानंतर पातळी बघायची नाही, धोक्याचा फोन शेजारच्या पोलीस पाटलांकडून येणार हे त्यांच्याशी बोलून ठरवलं. झोप आणि धडधडीसाठी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. वडिलांना ते पटलं नाही, पण अडवलंही नाही.

आता वडील. त्यांच्याशी बोलताना मी सहज विचारलं, काका, तुम्ही कारखान्यात लागलात ते कायम म्हणूनच का? ते हसले. ‘कुठलं मॅडम! नऊ वर्षं हंगामी. गाळप सुरू झालं की हजर, पट्टा पडला की घरी. बंदच्या काळात रिटेन्शनचे थोडे पैसे. पण ऑर्डर होती हातात. हंगाम कधी लागणार आणि कधी सुटणार, हे म्हाईत होतं.’

मुलगा शेजारीच बसला होता. मी त्याला म्हटलं, ऐकलंस? काकांनी नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन काढली आहेत. तुझं काम हंगामी आहे म्हणून ते चिडलेले नाहीत. वडिलांनी लगेच पुस्ती जोडली, ‘आरं, हंगामी तर हंगामी, पण कागुद दाखीव.’ वर्षभर घरात जे भांडण नदी विरुद्ध नोकरी म्हणून चाललं होतं, ते त्या दिवशी नेमणूकपत्रावर येऊन थांबलं. पत्रावर तोडगा निघू शकतो, नदीवर बाप-लेकांत कसला निघणार?

तोडगा काही चटकन निघाला नाही. मुलानं सरांना लेखी विचारलं. सर दुखावले. ‘तुलाही आता पैसे दिसायला लागले का?’ हे वाक्य त्याला फार लागलं आणि काम सोडून देतो असा फोन त्यानं मला केला. मी म्हटलं, सोड किंवा नको सोडू, पण आठवडाभर थांब. त्या आठवड्यात संस्थेच्या खजिनदारांनी त्याला बोलावलं. पूर्णवेळ पगार देण्याइतकी तरतूद नाही हे त्यांनी आकडे दाखवून सांगितलं. ते खरंही होतं. ठरलं असं की आठवड्यातले तीन दिवस संस्थेचे, त्याचे बारा हजार, किलोमीटरप्रमाणे पेट्रोल, अपघात विमा आणि मार्चअखेरपर्यंतचं पत्र. बाकी तीन दिवस तो कुपवाडच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करतो. नदीकाठी बसून हाताला लागलेली सफाई तिथं मोजून विकली जाते. रविवार त्याचा. पक्षी बघायचे की झोपायचं, त्याची मर्जी.

एक गोष्ट अजून धुमसते आहे. ओळखीतून वडिलांनी कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर केमिस्टची जागा शोधली होती. चांगला पगार, गावापासून जवळ. मुलगा भडकला. ज्यांच्या सांडपाण्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच पगारावर जगायचं? वडील म्हणाले, आत गेल्याशिवाय पाणी स्वच्छ कोण करणार? मला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि यात मी पडले नाही. सांडपाणी यंत्रणा नीट चालवणारा प्रामाणिक केमिस्ट नदीच्या दृष्टीनं दहा निर्माल्य मोहिमांइतका उपयोगाचा असतो, असं माझं खाजगी मत आहे. पण पंचविशीच्या पोराला ते आत्ताच पटलं पाहिजे असं नाही.

पालक विचारतात, मग आम्ही काय करायचं? एकदा त्याच्याबरोबर जाऊन काम बघा, हे मी पहिलं सांगते. या वडिलांनी बघितलं. हरिपूरला काठावर उभं राहून बाटलीतला साका बघितला आणि म्हणाले, आमच्या लॅबातबी असंच करायचे. त्याच्या आईला मात्र वेगळीच अडचण होती. स्थळाच्या बायोडाट्यात नोकरीपुढे काय लिहायचं? आता ‘प्रकल्प सहायक’ असं लिहिलंय, कंसात मुदत लिहायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

मार्चनंतर काय, हा प्रश्न आहेच. पण तो आता एकट्या वडिलांचा राहिलेला नाही. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात आपला रकाना कितीचा आहे, हे मुलानं जानेवारीतच खजिनदारांना विचारलं. ते म्हणाले, बघू. त्यावर त्यानं वनसेवेच्या परीक्षेची पुस्तकं आणली आणि वडिलांनी कारखान्यातल्या त्या जागेची मुदत कधी संपते, याची पुन्हा एकदा चौकशी करून ठेवली.